होळीआधीचा थांबा

“एवढेच? बाकीचे लोक कुठायत?” डब्यातून उतरलेल्या रेल्वेच्या साहेबांनी विचारलं. लोकल हॉल्टवर उभी होती आणि चढणारे दोघंच होते, फुलवंताबाई आणि तिच्या खांद्याला धरून चाललेला तिचा नवरा रायसिंग.

“गाव ऊस तोडाले गयं साहेब, गुजरातमा. होळीले बठ्ठा येतीन. मंग मोजा.”

“थांबा तात्पुरता आहे, बाई. लोक चढतात का ते बघायचंय, आणि तेही होळीआधी.” साहेब वाईट नव्हते. रायसिंगला हात देऊन त्यांनीच वर घेतलं.

या गावाचं करायचं काय! थांबा मिळावा म्हणून याच लोकांनी भर पावसाळ्यात रुळांशेजारी ठाण मांडलं होतं. दिवाळीनंतर गाडी थांबली तेव्हा नारळ फोडला, इंजिनाला झेंडूचा हार घातला, ढोल वाजवला. आणि दुसऱ्या दिवशी पोरंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन मुकादमाच्या ट्रकमध्ये बसले. गाडी आता आपलीच आहे, आल्यावर बसू, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

फुलवंताबाई मागे राहिली ती रायसिंगच्या किडनीमुळे. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला डायलिसिस. पूर्वी फाट्यापर्यंत पायी आणि पुढे जीपमध्ये दाटीवाटीने जावं लागे. परतताना त्याला उलटी व्हायची, लोक तोंड फिरवायचे. एकदा तो म्हणाला होता, “आते पुरे. मी नही येस.” लोकलमध्ये मात्र तो रिकाम्या बाकावर पाय लांब करून यायचा. एक दिवस खिडकीतून केळीच्या बागा बघत गुणगुणायला लागला, तेव्हा फुलवंताबाईला इतका आनंद झाला की तिला त्या आनंदाचीच भीती वाटली.

साहेब येऊन गेल्यावर ती घरोघर फिरली. गावात उरली होती म्हातारी माणसं. तापीबाईला तिने हातापाया पडून गाडीत बसवलं. नंदुरबारच्या फलाटावर चहा पिऊन तापीबाई तशीच परत आली. पुन्हा बोलावलं तर म्हणाली, “देखी लिधं ना. आखो काय देखानं?”

होळीच्या आठवडाभर आधी तिकीट देणाऱ्या हेमकांतने थांबा बंद झाल्याचं सांगितलं. “मन्हा हातमा काही नही, वहिनी,” तो खाली बघत म्हणाला.

मग ट्रक परतले. होळीच्या बाजाराच्या दिवशी अख्खं गाव नव्या कपड्यांत हॉल्टवर जमलं. फुलवंताबाईने सगळ्यांना सांगून पाहिलं.

“इतला लोके देखीसन गाडी थांबीच ना,” सगळ्यांचं एकच. त्यांना जीपची सवय. हात केला की थांबते.

तिला खरं काय ते ठाऊक होतं. तरी तिनेही रायसिंगला आणून बाकावर बसवलं. त्या दिवशी त्याची डायलिसिसची पाळी होती.

लांबून गाडी दिसली. सगळ्यांनी हात वर केले. गाडीने लांबलचक भोंगा वाजवला आणि ती फलाटावर धूळ उडवत निघून गेली. मग लोक फाट्याकडे धावले, जीपमध्ये जागा धरायला.

“आज तो साहेब पाहिजे व्हता,” रायसिंग म्हणाला.

त्याचा हात अजून वरच होता. फुलवंताबाईने तो हळूच धरून खाली घेतला, आपल्या खांद्यावर ठेवला आणि त्याला उठवलं.