घासून गेलेली बोटे

मी एक जुनी, पत्र्याची शाईची डबी आहे. बोटांचे ठसे घेणे हे माझे काम. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यावर माझ्या बहिणी पोस्टात आणि शाळांत गेल्या. मी आले पोलिसांच्या नोंदणी कचेरीत. इथली अक्कल रोज बघून मला माझ्या शाईची कीव येऊ लागली.

सुरुवातीला माझा तोरा मोठा होता. "ही डबी कधी चुकत नाही," असे मोठे साहेब पाहुण्यांना सांगत आणि मीही फुगत असे. त्याच काळात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. दुकानातून दोन स्वेटर उचलले होते तिने. तिने दहाही बोटे माझ्यावर टेकवली. सहा महिने तुरुंगात काढले आणि विषय संपला, असे तिला वाटले. भोळी होती बिचारी.

बावीस वर्षांनी ती परत आली. आता तिला सगळे फरशीवाली म्हणत. नव्या इमारतींच्या फरश्या घासायच्या, एवढे एकच काम ती जुनी नोंद तिला करू देत होती. गुडघे पार कामातून गेले होते. एका पाळणाघरात स्वयंपाकाची जागा तिच्यासाठी तीन महिने राखून ठेवली होती. तेवढ्या मुदतीत नोंद पुसल्याचा दाखला आणायचा होता. दाखल्याच्या अर्जावर ठसे लागतात, कारण नोंद जिची, तीच पुसायला आली आहे याची खात्री हवी. जणू दुसऱ्यांच्या चोऱ्या पुसून द्यायला इथे लोक रांगा लावतात!

खिडकीमागे कारकून बसला होता. मी त्याला ठोकळेसाहेब म्हणते. त्याने तिची दहाही बोटे माझ्यावर दाबली आणि कागदावर टेकवली. उमटले नुसते काळे डाग.

"रेघाच नाहीत. बाई, तुम्ही त्याच आहात कशावरून?"

"सिमेंटनं खाल्ल्या हो साहेब. तोंड बघा की माझं, फोटो आहे तुमच्याकडे."

"फोटोवर नाही चालत. दोन महिने काम बंद ठेवा, हाताला तेल लावा. येतात रेघा परत."

म्हणजे बघा, या कचेरीला जे बावीस वर्षे जमले नाही, ते हिने राबून स्वतःच केले होते. चोराची बोटे पुसून टाकली होती. शाबासकी राहिली बाजूला, वर ही शिक्षा.

तिने काम सोडले. धाकट्या बहिणीच्या घरी राहिली, तिची तिरकी बोलणी गिळली आणि बोटांना तेल चोळत बसली. दोन महिन्यांनी आली तेव्हा दहाही ठसे सुरेख उमटले. ठोकळेसाहेबाला तर नातू झाल्यासारखा आनंद झाला.

"वा! तीच आहे ही!" मग त्याने पान उलटले. "सध्या काम काय करता?"

"काही नाही. तुम्हीच बंद करायला सांगितलं ना."

"मग नाही व्हायचं. काम चालू असेल त्याचीच नोंद पुसतात. सहा महिने सलग काम करा आणि या. ठसे मात्र नवे द्यावे लागतील."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "सहा महिने फरशी घासली, की ही बोटं परत जाणार, साहेब."

"ते तुमचं तुम्ही बघा." त्याने खिडकी लावली आणि जेवणाचा डबा उघडला. मला त्याची इतकी किळस आली, की शाई कडू झाली असेल माझी.

पाळणाघराची जागा दुसरीला मिळाली. फरशीवाली पुन्हा गुडघ्यांवर बसली. ठोकळेसाहेबाने मात्र तिचे ताजे ठसे व्यवस्थित जुन्या फाइलला जोडले. तिथले जुने ठसे इतके फिकट झाले होते, की आणखी काही वर्षांनी कुणाला दिसलेही नसते. आता तिथे दहा ठळक, काळेभोर ठसे आहेत. नोंद पुसायला आलेली बाई ती नवी करून गेली, आणि ते माझ्याच शाईने झाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आमची निगा राखा. माझी राखू नका. मला वाळून जाऊ द्या.