पाईप देणे आहे

शरणप्पाचं चुकलं ते मेसेजमध्येच. ‘जुने पाईप देणे आहे. तीस नग. जपून वापरलेले. कदर करणारा माणूस पाहिजे.’ उदगीरच्या ग्रुपवर असलं टाकल्यावर दुसरं काय होणार, सांगा! आपल्याकडं पाईप म्हणजे बोअरचा, विहिरीवरचा, फार तर ठिबकचा. तंबाखू ओढायचाबी पाईप असतो, हे इथं कुणाच्या बापाला ठाऊक? सकाळी सातपासून फोन सुरू झाले ते थांबेचनात.

“काका, किती इंची हायेत?”

“पाण्याचे न्हाईत बाबा. तोंडात धरायचे हायेत.”

पलीकडनं हळूच, “घरात दुसरं कुणी हाय का? त्यांच्याकडं द्या फोन.”

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पोरगा रुद्रेश पुण्यात. तो रविवारी न्यायला येणार होता, कायमचं. “बाबा, दोन खोल्यांत एवढे पाईप कुठं ठेवायचे? आठवण म्हणून एक आणा,” असं त्यानं बजावलं होतं. शरणप्पानं वाद घातला नाही. एकाहत्तराव्या वर्षी माणूस वादाला कंटाळतो, फोनला कंटाळतो, आपल्याच गुडघ्यांना कंटाळतो. आणि तो एक कुठला, हे त्याचं कधीच ठरलं होतं. तो एकतिसावा पाईप सदऱ्याच्या खिशात होता.

दुपारी जळकोटकडचा सटवाजी नावाचा एक गडी चक्क टेम्पो घेऊन दारात आला. पलंगावर मांडलेले पाईप त्यानं वाकून बघितले, एक उचलून त्याच्या भोकातून उजेड बघितला.

“एवढ्यात एक वाफाबी भिजत न्हाई, मामा.”

“मी भिजतो म्हणलो व्हतो का?” शरणप्पा खेकसला. मग त्यालाच वाईट वाटलं, बिचारा एवढ्या लांबून आलेला. चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

हे पाईप आले कुठून, तर हैदराबादेतून. शरणप्पा एसटीत ड्रायव्हर, देगलूर डेपोला, हैदराबादच्या गाडीवर. गुरुवारची ड्यूटी तो मागून घ्यायचा, कारण गुरुवारी तिथं जुमेरात बाजार भरतो. गाडी लावली की तो आणि कंडक्टर करीम जुन्या कुलपांच्या, चष्म्यांच्या ढिगात हात घालून बसायचे. पहिला पाईप करीमलाच सापडला होता. “उस्ताद, ये देखो, नवाबाचा दिसून राहिला!” कसला नवाब नि कसलं काय, पण शरणप्पाला नाद लागला तो लागलाच. सिंहाच्या तोंडाचा, चांदीच्या कडीचा, मक्याच्या कणसाचा. एकेक पाईप त्यानं पोरासारखा पुसून ठेवला. करीमनं मात्र आयुष्यभर एकच पाईप ओढला. तंबाखूत लवंग कुटून घालायचा. छाती भरायला लागली तेव्हा तो पाईप त्यानं शरणप्पाच्या हातावर ठेवला. “तू ठेव उस्ताद. घरात दिसला की हात जातो.” पुढं दोन वर्षांत करीम गेला.

ओढणं शरणप्पानंही कधीच सोडलं होतं. पण रोज सकाळचा चहा झाला की तो करीमचा पाईप नाकाशी धरायचा. आतल्या काळ्या थरात लवंग अजून जिवंत होती. बाकीचे तीस परक्या घरी जायचे म्हणून त्यानं कालच चाकूनं खरवडून, स्पिरिटनं धुऊन लख्ख केले होते. ह्या एकाला हात लावला नव्हता.

पाचच्या सुमाराला रिक्षा थांबली. उतरली चांदबी, करीमची बायको. देगलूरहून एसटीनं एकटीच आलेली, घामाघूम.

“भाभी? तुम्ही?”

“सद्दामच्या फोनात बघितलं, भाईसाब. पोरगा म्हणला, अम्मी, पाण्याचे पाईप हायेत, तुला कशाला? मी म्हणलं, शरणप्पाभाईकडं पाण्याचे कुठून येतील?”

दिवसभरात एका माणसाला तरी मेसेज कळला होता. शरणप्पाला बरं वाटलं, आणि लगेच त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला.

“त्यांचा पाईप पाहिजे, भाईसाब. बस, एकच. कपडे रिवाजानं वाटून टाकले. सद्दामनं घराला रंग दिला. त्यांचा आवाज हाय फोनात, ऐकते कधी कधी. पण वास कुठं राहिला?” तिनं पलंगाकडं पाहिलं. “ह्यातला कुठला?”

“असंल की ह्यातच,” शरणप्पा म्हणाला. “मला आता ध्यानात येईना बघा.”

म्हणाला खरा, पण तोंड फिरवून म्हणाला. थकलेल्या माणसानं एवढीही चोरी करू नये का? पुण्यात त्याला दुसरं होतं तरी काय!

चांदबी पलंगापाशी खाली बसली. तिनं पहिला पाईप नाकाला लावला आणि ठेवला. दुसरा लावला, ठेवला. सगळ्यांना स्पिरिटचा वास. सिंहाचा, चांदीचा, कणसाचा. एकेक उचलून, डोळे मिटून, परत जिथल्या तिथं. विसाव्या पाईपला तिनं पदरानं डोळे पुसले आणि एकविसावा उचलला.

शरणप्पाच्यानं बघवेना. “ठेवा भाभी, ठेवा तो,” तो म्हणाला आणि खिशात हात घातला. “हा घ्या. खोटं बोललो मी. माफ करा.”

तिनं तो नाकाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला.

“हां,” ती एवढंच म्हणाली. मग पाईप रुमालात बांधला, रुमाल पिशवीत ठेवला. “तुमच्यापाशीच राहिला म्हणून राहिला, भाईसाब. दुसऱ्यानं धुतला असता.”

शेवटची गाडी चुकायला नको म्हणून ती चहालाही थांबली नाही. रिक्षा वळेपर्यंत शरणप्पा दारात उभा राहिला. आत येऊन खुर्चीत बसला नि सवयीनं हात खिशाकडं गेला. तेवढ्यात फोन वाजला.

“काका, ते पाईप हायेत का अजून?”

शरणप्पानं पलंगावरच्या तीस पाईपांकडं पाहिलं.

“न्हाई बाबा. गेला.”

“सगळेच गेले?”

“एकच व्हता,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.