फळीची परवानगी

श्यामरावांनी उभ्या आयुष्यात एकच चूक पुन्हा पुन्हा केली. नियम वाचला आणि तो खरा मानला.

केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नोकरी झाली, बदलीवर कोलकात्याला आले आणि निवृत्त झाल्यावर तिथल्याच बेहाला भागात, एका गल्लीत घर बांधून राहिले. त्या गल्लीत एकाची पायरी रस्त्यावर, दुसऱ्याचं फाटक रस्त्यावर, तिसऱ्याची तर अख्खी तुळस रस्त्यावर. यांनी मात्र नकाशात हातभर जागा कमी पडली म्हणून स्वतःची पायरी आत घेतली. पत्नी सरलाबाई तेव्हाही चिडल्या होत्या, पण आत्ताइतक्या नव्हे.

उन्हाळ्यात श्यामरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आत्ता व्यायाम झाला तर हात परत येईल. हे महिने वाया गेले, तर पुढे माझ्याकडे येऊन उपयोग नाही." म्हणून सरलाबाई त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून दिवसाआड चौरस्त्यावरच्या व्यायाम केंद्रात नेत. बोटं हलायला लागली होती. एकदा तर त्यांनी स्वतःच्या हाताने चमचा धरला, आणि सरलाबाई स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या.

आणि मग केबलवाले आले. एका दिवसात त्यांनी सगळ्या फाटकांपुढून कमरेइतका खोल चर खणला, पाइप टाकला आणि पसार झाले. पावसाने चर भरला. समोरून, फाटकापुरती फट सोडून, पत्रे ठोकलेले, त्यांवर परवान्याचा बोर्ड. सरलाबाईंनी साडी खोचून, चिखलात उतरून चर ओलांडला आणि बोर्डाचा फोटो काढून आणला. त्यात लिहिलं होतं, प्रत्येक दारापुढे ये-जा करायला वाट ठेवावी आणि पाइप टाकल्याबरोबर चर बुजवावा.

"बघ, लिहिलंय," श्यामराव अडखळत म्हणाले. लिहिलंय म्हणजे झालंच, असा त्यांचा चेहरा!

गल्लीतल्या लोकांनी बोर्ड वाचलाच नाही. कुणी जुना दरवाजा आडवा टाकला, कुणी पलंगाच्या फळ्या. सरलाबाईंनीही सुताराकडून खुर्चीपुरती रुंद फळी करून घेतली. पण श्यामराव हटून बसले. रस्ता सरकारचा, त्यावर काही ठेवायचं तर परवानगी हवी. त्यांनी अर्ज सांगितला, सरलाबाईंनी लिहिला आणि रस्तेखात्याच्या ऑफिसात नेऊन दिला. फळी मात्र ओसरीत भिंतीला टेकून उभी राहिली, आणि श्यामराव तिच्याकडे बघत बसून राहिले.

शेजारच्या रेबादी सरलाबाईंना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. त्या आपल्या फळीवर उभ्या राहून कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बौदी, अर्ज करायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

अर्जाचं उत्तर येईना. तिसऱ्या आठवड्यात चमचा हातातून गळून पडला. त्या दिवशी सरलाबाईंनी श्यामरावांना विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. फळी ओढत नेऊन चरावर टाकली. रात्री चोरीला जाऊ नये म्हणून तिला दोर बांधला, संध्याकाळी आत ओढून घ्यायला.

दुसऱ्याच सकाळी, त्या व्यायामाला निघायच्या तयारीत असताना, ऑफिसातले साहेब आले. बगलेत फाइल, पायात चकचकीत बूट. फळीवरून तोल सांभाळत ओसरीत पोचले, रुमालाने घाम पुसला, कागद पुढे केला आणि सरलाबाईंना मावशी म्हणत बंगालीत बोलले.

"माशिमा, तुमचा अर्ज नामंजूर झाला. सार्वजनिक रस्त्यावर खाजगी फळी ठेवता येत नाही. आजच काढा, नाहीतर दंड."

"आणि हा चर?"

"चराला परवानगी आहे."

"बुजवायचाही नियम आहे. तुमच्याच बोर्डावर."

"ते ठेकेदाराचं काम. माझ्याकडे फक्त रस्त्यावरचे अडथळे."

"मग ही बाकीच्यांची दारं, पलंग?" सरलाबाईंचा आवाज चढला. "ते नाहीत दिसत?"

साहेबांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं, "त्यांचा अर्ज आलेला नाही ना, माशिमा. ऑफिसच्या लेखी त्या फळ्या नाहीतच. तुमची आहे."

सरलाबाईंचं डोकं भणाणलं. जन्मभर हातभर आत सरकून राहिलेल्या माणसाला हे बक्षीस! त्यांनी श्यामरावांकडे पाहिलं. ते मान खाली घालून आपल्या निर्जीव बोटांकडे बघत होते. ते पाहून सरलाबाई उठल्या.

"बरोबर आहे. आम्ही नियमाने चालणारी माणसं," त्या म्हणाल्या. त्यांनी दोर हाताला गुंडाळला आणि सगळी ताकद लावून फळी आत ओढली. चिखलाचं पाणी साहेबांच्या बुटांवर उडालं.

"अहो, मी जाऊ कसा?"

"फळी काढली. तुम्हीच सांगितलंत."

साहेबांनी चराकडे पाहिलं, पलीकडच्या पत्र्यांकडे पाहिलं, बाजूच्या भिंतीवरच्या काचांकडे पाहिलं. पोट सावरत एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. गल्लीत माणसं जमली. रेबादी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"माशिमा, मस्करी नको. मला जायचंय. कामं आहेत."

"यांनाही जायचंय!" सरलाबाई ओरडल्या. "तीन आठवडे झाले. यांचा हात जातोय, साहेब, हात!"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "दोन मिनिटांसाठी टाका ना फळी."

तेवढ्यात खुर्चीचं चाक करकरलं. श्यामरावांनी डाव्या हाताने टीपॉयवरचा कोरा कागद पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं. त्यांचे ओठ बराच वेळ शब्दाशी झटत राहिले.

"अ... र्ज... करा."

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण अर्ज त्यांना कळला. त्यांचा चेहरा पडला. कागदाला हात न लावता त्यांनी खिशातून फोन काढला, ठेकेदाराला लावला आणि अशा आवाजात बोलले, की पलीकडचा माणूस मध्ये एकदाही बोलला नसावा.

उन्हं कलायच्या आत खडीचा ट्रक आला. मजुरांनी चर बुजवला, वर माती दाबली. साहेब ओसरीतून उतरून, कुणाकडेही न पाहता, आपल्या पायांनी निघून गेले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. रेबादींनी तोंड गोड करायला मिष्टी आणली.

सरलाबाईंनी हात लावला नाही. त्या फाटकाशी उभ्या राहून त्या ओल्या, सपाट मातीकडे बघत होत्या.

"एका दुपारचं काम होतं हो," त्या म्हणाल्या. श्यामरावांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.