अर्धा कप, चार वाजता

वर्णन
*काय घडलं ते क्रमाने लिहा. व्यक्तीचं खरं नाव देऊ नका.*

नाव बदलायला गेनरला एक मिनिट लागलं. मर्टल ब्लँचर्डची ‘श्रीमती प’ झाली. निबंधातलं त्यापुढचं वाक्य अकरा दिवस झाले तरी लिहून होत नव्हतं.

गेनर स्टॅदर्स एकावन्न वर्षांची. इंग्लंडमधल्या विदर्नसीच्या समुद्रकाठी हॉर्नबीम लॉज नावाचा वृद्धाश्रम आहे, तिथे ती एकोणीस वर्षं म्हाताऱ्यांचं सगळं करते. पदरी जुना डिप्लोमा होता. त्यावर एक वर्ष चढवलं की आरोग्य आणि समाजसेवेची पदवी मिळणार होती. आश्रमाच्या मॅनेजरबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या आणि मालकाने साफ सांगितलं होतं, “कागद दाखव, खुर्ची घे.” आता एवढा एक निबंध राहिला होता. कामातला एक खरा प्रसंग लिहायचा आणि त्यातून आपण काय शिकलो ते सांगायचं.

पहिल्या खेपेला तिने एका आजोबांचं कानातलं यंत्र धुण्यात गेलं त्याची हकिकत पाठवली. शिकवणाऱ्या रोवेनाबाईंचा फोन आला.

“गेनर, छान लिहिलंय. पण हे कोणीही लिहील. तुम्हाला झोपू देत नाही असं काही नाही का?”

“मला झोप चांगली लागते.”

“बरं. मग जागेपणी सोडत नाही असं?”

गेनरने घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी होती आणि तोंड गोड व्हायला लागलं होतं.

भावना
*त्या वेळी आणि नंतर तुम्हाला काय वाटलं?*

गोड म्हणजे साखरेचं गोड. दुधाळ चहातली दोन चमचे साखर. गेनर तीस वर्षं बिनसाखरेचा चहा पिते. पण गेल्या नोव्हेंबरपासून दुपारी चारच्या सुमाराला ही चव जिभेवर येऊन बसायची आणि पाच मिनिटांनी उतरायची. दात घासून पाहिले, मीठ लावून पाहिलं. दातांचा डॉक्टर म्हणाला, तोंडात काही नाही.

आणि तो दिवा. मर्टलची अकरा नंबरची खोली नोव्हेंबरपासून रिकामीच होती, तरी तिच्या घंटीचा लाल दिवा काही दिवशी दुपारी लागायचा.

“अकरा पेटला,” सोबत काम करणारी फोलाके चहाची ट्रॉली ढकलता ढकलता म्हणायची. “जा, तुझी मैत्रीण बोलावतेय.”

“भिंतीत ओल आहे. वायरमन म्हणाला ना.”

“ओल बरोब्बर चारला येते होय? भरतीच आहे जणू.” फोलाके नायजेरियातल्या लेगॉसची, जिभेला हाड नसलेली, पण म्हाताऱ्यांना भरवावं तर तिनेच. “आमच्याकडे असं झालं ना, की माणूस विचारतो, काय राहिलंय बाई तुझं? तुम्ही लोक वायरमन बोलावता.”

गेनर हसली. ‘भावना’ या मथळ्याखाली तिने लिहिलं, ‘मला वाईट वाटलं.’ मग तेही पुसलं. शब्दसंख्या: शून्य.

मूल्यमापन
*काय बरोबर झालं? काय चुकलं?*

आश्रमात प्रत्येक खोलीच्या दाराशी एक फाइल टांगलेली असते. दर दोन तासांनी आत डोकवायचं आणि त्या तासाच्या चौकटीत लिहायचं: कूस बदलली, पाणी घेतलं, खुशीत. रिकामी चौकट म्हणजे तपासनिसांच्या लेखी न केलेलं काम. म्हणून चौकटी आधीच भरून ठेवायची पद्धत पडली होती. पाळी सुटायच्या आत कागद पुरा हवा, आणि माणसं तर रोज तेच करतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. नव्या मुलींना गेनरच शिकवायची, “मर्टल चारला अर्धा कप चहा घेते. पाऊण नाही, पाव नाही. लिहून मोकळं व्हायचं.”

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी दोन वाजता तिने मर्टलची उशी सारखी केली, तेव्हा मर्टल म्हणाली, “आज समुद्र लई बडबडतोय गं.” साडेतीनला गेनर दारातून परत गेली. खुर्चीत मर्टलचं डोकं खिडकीकडे कललं होतं. फोलाके चहा ठेवून गेली होती, झोपल्यात म्हणून तिने उठवलं नव्हतं. गेनरने उभ्या उभ्या चारची चौकट भरली: ‘अर्धा कप चहा घेतला. खुशीत.’

चार वाजून दहा मिनिटांनी ती आत गेली. मर्टलचा हात बंदरावरच्या कठड्यासारखा गार होता. आत्ताचं हे नव्हतं. तास होऊन गेला होता, जास्तच. असे शंभरावर हात तिने हातात धरले होते, तिला सांगावं लागत नव्हतं. खाली मर्टलच्या लेकीचा, हिलरीचा आवाज आला. ती पाहुण्यांच्या वहीत सही करत होती.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, “शेवटचं कधी पाहिलंत?”

गेनरने फाइल पुढे केली. त्याने ती वाचली, मर्टलचा हात पाहिला, मग गेनरकडे पाहिलं. आणि फाइलमध्ये होतं तेच उतरवून घेतलं.

विश्लेषण
*असं का घडलं? दुसरं काय करता आलं असतं?*

कॉलेजच्या नियमपुस्तकात पान चौदावर एक ओळ होती. निबंधात काही खोटं किंवा हयगय उघड झाली, तर शिकवणाऱ्याने ती वर कळवलीच पाहिजे. गेनरला ती पाठ होती. लिहिलं तर पदवी जाईल, खुर्ची जाईल, बहुधा आहे ती नोकरीही जाईल. नाही लिहिलं तर कोणाचंच काही बिघडत नव्हतं. उलट हिलरीने फाइलमधल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत मागून नेली होती. आईने शेवटी चहा तरी घेतला, एवढं समाधान तिला असू दे, असं गेनर स्वतःला सांगत होती.

हिलरी अजूनही दर गुरुवारी यायची आणि म्हाताऱ्यांसाठी पियानो वाजवायची. एका गुरुवारी स्वयंपाकघरातून गोड चक्का भरलेले कर्ड टार्ट आले. हिलरीने बशी दूर सरकवली.

“घे की,” गेनर म्हणाली. “तूच आणायचीस ना मर्टलसाठी?”

“म्हणूनच नको.” तिने पर्समधून घडी पडून मऊ झालेलं पान काढलं. “हे बघ. चारला चहा घेतला, म्हणजे तेव्हा ती होती. मी दर गुरुवारी चारच्या ठोक्याला यायचे. त्या दिवशी टार्टच्या रांगेत उभी राहिले आणि सव्वाचारला आले. पंधरा मिनिटं, गेनर. एका टार्टपायी.”

“मला वाटलं, तो कागद वाचून तुला बरं वाटतं.”

“बरं? अगं, मी रोज वाचते. दुकानातून कधी निघायला हवं होतं, ते मोजते.”

निष्कर्ष
*तुम्ही काय शिकलात?*

त्या दिवशी घरी गेल्यावर गेनरने सगळं लिहून काढलं. अडीच हजार शब्द, उठलीसुद्धा नाही. एक गोष्ट मात्र त्यातही सुटली. फोन सोमवारी आला.

“पान चौदा वाचलंत ना तुम्ही?” रोवेनाबाईंनी विचारलं.

“पाठ आहे.”

“मग कानयंत्रावर का नाही थांबलात? पास केलं असतं मी.”

“काठावर.”

“पास ते पास, गेनर! आता मला कळवावं लागेल. पदवीचं मी काहीच सांगू शकत नाही.”

“कळवा. फक्त गुरुवारपर्यंत थांबाल? मला आधी एकीला सांगायचंय.”

कृती आराखडा
*पुन्हा असा प्रसंग आला तर काय कराल?*

गुरुवारी तिने हिलरीला अकरा नंबरमध्ये नेलं आणि दार लोटलं. खिडकीशी मर्टलची तीच खुर्ची होती. गेनर उभी राहूनच बोलली. चौकटीचं, साडेतीनचं, गार हाताचं, सगळं.

हिलरी गादीवरची सुरकुती सारखी करत राहिली.

“म्हणजे मी चारला आले असते तरी?”

“तरी उशीरच झाला असता.”

“सहा महिने.” हिलरीचा आवाज चढला. “सहा महिने मी त्या रांगेत उभी आहे, आणि तू मला दर गुरुवारी, कशी आहेस गं, विचारतेस!”

“हो.”

“आणि ती इथे एकटीच...”

“हो.”

बाहेर फोलाकेची ट्रॉली थांबली. “अकरा पेटलाय गं,” ती म्हणाली, आणि आतले आवाज ऐकून पुढे गेली.

हिलरीने एकदम मान वर केली. “थांब. कप अर्धा होता. मी स्वतः धुतलाय तो. मग तो चहा कोणी प्यायला?”

गेनरच्या जिभेवर तीच गोड चव आली होती.

“मी,” ती म्हणाली. “तू खाली सही करत होतीस तेवढ्यात. कागदाशी जुळावं म्हणून.”

खोलीत समुद्र ऐकू येत होता.

“गार झाला असेल,” हिलरी म्हणाली.

“गार होता. आणि दोन चमचे साखर.”