रेवतीच्या मांडीवरचं सूप

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे, पण धान्य पाखडायचं भाग्य काही माझ्या वाट्याला आलं नाही. भंडाऱ्याच्या बुरडाने मला विणलं आणि लग्नानंतर रेवतीने मला भोपाळला आणलं. तिथल्या बाग सेवनिया भागामागच्या वस्तीत तिच्या मांडीवर मी सोळा वर्षं तंबाखू सांभाळतो आहे. पहिले काही दिवस मी नाक मुरडत असे.

मग तिचे हात पाहिले. ओलं तेंदूपान पत्र्याच्या साच्याबरहुकूम कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, विडी वळून दोरा बांधायचा, नखाने टोक दुमडायचं. दिवसाला आठशे विड्या, आणि मध्येच स्वयंपाक, पाणी भरणं. शेजारणीशी बोलताना ती खाली पाहतसुद्धा नसे. कारागीर म्हणावं तर हिलाच. पण तंबाखूची धूळ कुणाला सोडते? खोकल्याची उबळ आली की मला बाजूला ठेवी, पाठ सरळ करी आणि पुन्हा बसे. मला फार वाईट वाटे.

विड्या मोजून घेणाऱ्या ठेकेदाराच्या वहीत नाव मात्र सासऱ्यांचं, दत्तात्रयांचं. वस्तीत घरोघरी हीच रीत. यंदा विडी कामगारांच्या ओळखपत्राचं शिबिर लागलं. रेवतीला कार्ड मिळालं तर तिच्या जुईला शिष्यवृत्ती मिळणार होती, नाहीतर आठवीनंतर शाळा सोडून ती आईशेजारी विड्या वळायला बसणार होती. रेवती सासऱ्यांना आणि मला घेऊन शिबिरात गेली.

तिथल्या साहेबांनी ठेकेदाराची वही उघडली. "यहाँ तो दत्तात्रय लिखा है."

"वो मेरे ससुरजी हैं. बीडी मैं बनाती हूँ, साहब."

"सब यही कहते हैं. पहले ये बनाकर दिखाएँ."

मला दत्तात्रयांच्या मांडीवर ठेवलं. वस्तीत ते स्वतःला मोठे कारागीर म्हणवून घेत. त्यांनी पान उचललं आणि पुन्हा माझ्यात ठेवून दिलं.

"साहब, नाम मेरा चलता है. मुझे तो धागा बाँधना भी नहीं आता," ते म्हणाले, आणि मला उचलून सुनेपुढे धरलं. "घे बाई, तुझं सूप."

रेवतीने साहेबांकडे बघत बघत विडी वळली. साहेबांनी ती चिमटीत दाबून पाहिली, दोरा ओढून पाहिला. विडी सुटली नाही. कार्डावर रेवतीचं नाव लागलं आणि जुई नववीत गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, आम्हाला टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. रेवतीच्या हातांचं कौतुक करा, तिच्या खोकल्याला वेळेवर औषध द्या. पण माझ्या विणीत कितीही जीव उरलेला असो, मला जुईच्या मांडीवर ठेवू नका.