टेकडीवरचे मिनिट आणि खालचे मिनिट

मित्रांनो, तळहातात मावणारे, किल्लीवर चालणारे जुने स्टॉपवॉच मी. कारखान्यातून निघालो तेव्हा दिवसभर चालूनही माझा सेकंद ढळत नसे. शाळा तपासणाऱ्या साहेबांनी मला विकत घेतले. "याच्यापुढे रेडिओवरच्या वेळेचीसुद्धा बिशाद नाही," असे ते कौतुकाने सांगत. पुढे माझी स्प्रिंग थकली. कौतुक मात्र तसेच चालू राहिले, आणि त्याचाच मला जास्त शीण होई.

गावात दोन सरकारी शाळा होत्या, एक टेकडीवर आणि एक खाली. वर्षातून एकदा साहेब दोन्हीकडच्या मुलांना धडा वाचायला लावत आणि मिनिटाला किती शब्द होतात ते मोजत. चढ उन्हाआधी उरकावा म्हणून ते सकाळी टेकडीवर जात आणि दुपारी खालच्या शाळेत येत. किल्ली मात्र सकाळी एकदाच देत. दुपारपर्यंत मी पेंगुळत असे. माझे मिनिट लांबे आणि खालच्या मुलांना जास्त वेळ मिळे. टेकडीचे साठ शब्द, खालचे सत्तर. अकरा वर्षे हेच चालले. साहेबांच्या मनगटावर चांगले घड्याळ होते, पण ते माझ्याशी ताडून पाहावे असे त्यांना कधी सुचले नाही.

"बाई, राग मानू नका," एक आई टेकडीवरच्या बाईंना म्हणाली, "पण खालची पोरं कशी भराभर वाचतात! आमच्या ठकीला तिकडच्याच शाळेत घालते." अशी सतरा मुले गेली. अकरा उरली. ही शाळा बंद करावी, असा शेरा साहेबांनी लिहून ठेवला. सही तेवढी बाकी होती.

बाई म्हणाल्या, "साहेब, एकदा उलटं करा. आधी खाली जा, मग वर या."

"भर उन्हात चढू? माझे गुडघे काय सरकारी आहेत?" साहेब कुरकुरले. पण चढले.

त्या दिवशी खालचे साठ भरले, टेकडीचे एकाहत्तर.

"जिंकलात की बाई!" साहेब म्हणाले.

"नाही हो. हेही खोटंच आहे. तुमचं मनगटावरचं घड्याळ याच्याशेजारी धरा बघू."

माझे मिनिट एकाहत्तर सेकंदांचे निघाले.

मग दर मुलाआधी मला किल्ली देत दोन्ही शाळा पुन्हा मोजल्या. वर साठ, खाली एकसष्ट. साहेबांनी शेरा खोडला.

"म्हणजे अकरा वर्षं आम्ही हुशार नव्हतोच म्हणायचं?" खालचे गुरुजी हिरमुसून म्हणाले.

"होतात की, गुरुजी," बाई म्हणाल्या. "आमच्याइतकेच."

शाळा वाचली, मित्रांनो. पण गेलेली सतरा मुले परत आली नाहीत. ठकी रोज टेकडी उतरून जाते आणि संध्याकाळी धापा टाकत चढते. आता मी कपाटात असतो. मला पुन्हा बाहेर काढाल, तर आधी किल्ली द्या आणि दुसऱ्या घड्याळाशी लावून पाहा. माझी चूक मला दिसते, पण सांगता येत नाही. ती तुम्हालाच शोधावी लागेल.