वरचा एन खाली

तर झालं असं, की बोर्ड वाळला होता, दुपारचे दोन वाजले होते, चार वाजता शिंपीमास्तर तो न्यायला येणार होते आणि चुळबुळीला काही केल्या एका जागी बसवत नव्हतं. चुळबुळी म्हणजे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांची पुतणी. खरं नाव असेल शाळेच्या दाखल्यावर, घरात सगळे चुळबुळीच म्हणायचे. काकांचा हात हल्ली थरथरायचा, म्हणून हा पहिला अख्खा बोर्ड तिनं एकटीनं केला होता. काका म्हणाले होते, "मास्तर आले की बघू. पास झालीस तर खालच्या कोपऱ्यात तुझं नाव टाक." आजवर त्या कोपऱ्यात फक्त काकांचं नाव यायचं. तिला तो कोपरा हवा होता, बास!

अक्षरं झकास उतरली होती. पिवळ्यावर निळी, इंग्रजीत दोन ओळी. ती मोठ्यांदा वाचायला लागली. "ॲन युनिफॉर्म... इन ए अवर." एका तासात गणवेश! पण 'ए अवर' म्हणताना जीभ अडखळली. परत म्हटलं, परत अडखळली. भातात खडा लागावा तशी.

नियम तर तिला तोंडपाठ होता. ए, ई, आय, ओ, यू आलं की आधी ॲन, बाकीच्यांना नुसता ए. युनिफॉर्म यूपासून, म्हणून ॲन. अवर एचपासून, म्हणून ए. मग घोडं अडतंय कुठं?

"काका, हे बरोबर आहे ना?"

काका वाकले. "एच जरा डावीकडं झुकलाय."

"तसं नाही हो, इंग्रजी!"

"बाई गं, चाळीस वर्षं मी अक्षरं काढली. वाचलीयेत कोणी?"

झाली का पंचाईत! तिनं मावशीला फोन लावला. मावशी हॉटेलात फोन घ्यायची, दिवसभर तोंडात इंग्रजी.

"मावशे, एक तास हे इंग्रजीत कसं म्हणतेस?"

"ॲन अवर. का गं?"

"ॲन का पण?"

"मला काय ठाऊक? तोंडात तसंच येतं."

"आणि युनिफॉर्म?"

"ए युनिफॉर्म. नवा मिळालाय मला, असला ढगळा! अगं ऐक ना..."

चुळबुळीनं फोन ठेवलासुद्धा. खडू घेतला आणि फरशीवर मराठीत लिहिलं: अवर, युनिफॉर्म. बघितलं आणि ट्यूब पेटली! एक 'अ'नं सुरू होतो, दुसरा 'य'नं. म्हणजे एच नि यू गेले खड्ड्यात, आवाज ऐकायचा! अ-आ-इ-ई ऐकू आलं तर ॲन, नाहीतर ए.

म्हणजे एका बोर्डात दोन चुका. आणि वाजले होते तीन वीस.

गप्प बसली असती तर काकांना कळणार नव्हतं, मास्तरांना तर नाहीच. कोपरा मिळाल्यातच जमा होता. ती उठली, बसली, पाणी प्यायली, परत उठली. उद्या कोणीतरी बोर्डाखालून जाताना फिसकन हसणार, आणि खाली नाव कोणाचं? माझं!

घेतला ब्रश.

वरचा एन पिवळ्यानं बुजवला. तिथं भोक पडल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून एक निळं बटण काढलं, चार छिद्रांचं. खाली ए आणि एचच्या मध्ये किडकिडीत एन घुसवला, भरल्या बाकावर तिसऱ्यानं अंग चोरून बसावं तसा. शेवटची रेघ ओढली आणि मास्तर दारात.

"अगं, हे ओलं आहे!"

"चुकलं होतं, मास्तर. वरचा एन काढला, खाली घातला."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे इथं उसवलं, तिथं शिवलं. मी रोज दुसरं काय करतो?"

काका मात्र बटणाकडंच बघत राहिले.

"हे बटण कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. भोक पडलं होतं ना..."

काकांनी थरथरत्या हातानं बारीक ब्रश पुढं केला. "कोपरा."

नाव टाकलं एकदाचं! रंग सुकल्यावर बोर्डाचं एक टोक धरून ती मास्तरांबरोबर रस्त्यावर आली, काका मागे. आणि समोर घड्याळजीचं दुकान. वरचा बोर्ड काकांच्या हातचा, बारा वर्षांचा, कोपऱ्यात काकांचं नाव: 'ए ऑनेस्ट शॉप'. तिनं मनातल्या मनात मराठीत लिहून बघितलं. ऑ.

तिचे पाय तिथंच रुतले.

"आता काय?" काका म्हणाले.

"काका," ती म्हणाली, "आपली शिडी कुठं असते?"